पुतणीसाठी नैरोबी की कंपाला

माझ्या धाकट्या भावाला कंपनीनं आफ्रिकेत पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरातलं आफ्रिकेविषयीचं एकूण ज्ञान माझ्याकडे होतं. मी वसईतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत होते. चौदा वर्षं मी आफ्रिका खंड शिकवला होता, हातात छडी घेऊन, भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहून. स्वतः मात्र तामिळनाडूतल्या वेलांकणीच्या पलीकडे गेले नव्हते, आणि तिथंही गाडीत बाजूच्या बाईनं सगळा वेळ खिडकी अडवली होती.

भाऊ बोईसरला औषधांच्या कारखान्यात होता. कंपनी नैरोबी आणि कंपाला अशा दोन ठिकाणी कचेऱ्या उघडत होती. दोन माणसं पाठवायची होती आणि त्यात भाऊ वयानं मोठा, म्हणून पहिली निवड त्याची. दोन महिन्यांत कळवायचं होतं. बायकोमुलीला नेता येणार होतं, घर मिळणार होतं आणि मुलीच्या शाळेची फी कंपनी भरणार होती, तीही आंतरराष्ट्रीय शाळेची.

भावानं ही बातमी ओट्यावर बसून सांगितली. आम्ही वसईजवळच्या सांडोरचे. घरापुढं ओटा, ओट्यापुढं बाबांची केळीची वाडी. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती लिहायला घेतली की माझीच अक्षरं मला ओळखत नाहीत, म्हणून इथं घरच्या सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावते आहे.

"तुला कुठं जायचंय?" बाबांनी विचारलं.

"मला काय, कुठंही चालेल," भाऊ म्हणाला. लग्नाला मुली बघताना तो हेच म्हणाला होता.

वहिनी पतपेढीत कॅशियर होती. नोट उजेडात धरून बघितल्याशिवाय ती खिशात ठेवत नसे. ती म्हणाली, "शाळा जिथं चांगली तिथं जायचं. आणि ताई, शाळा तुम्ही बघायच्या. तुम्ही शिक्षिका आहात."

पुतणी तेव्हा आठ वर्षांची, कॉन्व्हेंटात तिसरीत. तिला आम्ही काही विचारलंच नाही. ती ओट्याच्या कडेवर बसून पाय हलवत सगळं ऐकत होती.

मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. तोपर्यंत मी संगणकाला शाळेच्या कपाटात, प्लास्टिकच्या कव्हरखाली पाहिलं होतं, तेवढंच. कॅफेच्या मालकानं मला खुर्ची दिली, चप्पल बाहेर काढायला लावली आणि शोधून एक पान उघडून दिलं. योगायोग असा की ते पान नेमकं आमच्यासाठीच लिहिलं होतं. नैरोबी आणि कंपाला या दोन राजधान्यांची तुलना, एक्स्पॅट कुटुंबांसाठी, शाळा निवडताना.

"एक्स्पॅट म्हणजे काय हो?" मी विचारलं.

मालकानं पडद्याकडे वाकून पाहिलं. "एक्स्पर्ट असेल मॅडम. टायपिंग मिस्टेक."

पण पानावर तो शब्द जिथं तिथं तसाच होता. मी सगळं छापून घेतलं, अठरा पानं, आणि घरी आल्यावर जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. तो बाबांच्या मोठ्या भावाचा, जाड पुठ्ठ्याचा. एक्स्पॅट त्यात नव्हता, एक्स्पॅट्रिएट होता. अर्थ दिला होता: हद्दपार करणे, देशाबाहेर घालवून देणे.

चूक माझी. मी तो मोठ्यानं वाचला.

आई भाजी निवडत होती, ती थांबली. बाबा वाडीतून येत होते, ते पायरीवर थांबले. भाऊ बोईसरहून घरी येईपर्यंत दोघंही ओट्यावर वाट बघत बसले. तो आला, हातपाय धुतले, आणि बाबांनी त्याला समोर बसवलं.

"कंपनीत काय केलंस?"

"म्हणजे?"

"खरं सांग. आम्ही तुझे आईबाप आहोत. माणसाला उगीच कोण देशाबाहेर घालवत नाही."

"बाबा, मला प्रमोशन मिळालंय!"

"असं तेच सांगतात," आई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

भावानं कंपनीचं पत्र आणून दाखवलं. ते इंग्रजीत असल्यानं आईची खात्री पटली नाही. शेवटी रविवारी मिस्सा झाल्यावर तिनं ते फादरना दाखवलं. फादरनी ते दोनदा वाचलं, भावाचं अभिनंदन केलं आणि कंपनीत त्यांच्या स्वतःच्या पुतण्यासाठी काही जागा आहे का विचारलं. तेव्हा आईला बरं वाटलं.

ती अठरा पानं मी तीनदा वाचली. नैरोबी उंचावर आहे, हवा थंड आहे, वाहतूक तुंबते. कंपाला टेकड्यांवर आहे, हवा बरी आहे, वाहतूक तुंबते. दोन्हीकडे उत्तम शाळा आहेत. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की निर्णय प्रत्येक कुटुंबानं आपापल्या गरजा पाहून घ्यावा. एवढं तर आम्हाला कॅफेत न जाताही माहीत होतं.

मग मी दोन्हीकडच्या एकेका शाळेला पत्र पाठवलं आणि दहा-बारा दिवसांत कुरियरनं त्यांची माहितीपत्रकं आली. असा कागद मी आयुष्यात हातात घेतला नव्हता. नैरोबीच्या शाळेत मुलं घोड्यावर बसलेली होती. कंपालाच्या शाळेत मुलं झाडावर बसलेली होती. आमच्या शाळेत मुलं बाकावर बसत, आणि एका बाकावर तीन, एवढं मला एकदम जाणवलं.

मी ड्रॉइंग पेपर आणून कपाटाच्या दारावर चिकटवला. दोन रकाने आखले, डावीकडे नैरोबी, उजवीकडे कंपाला, आणि घरातल्या प्रत्येकानं आपले मुद्दे द्यायचे आणि दहापैकी गुण द्यायचे असं ठरवलं. वहिनीचे मुद्दे व्यवस्थित होते: घरापासून शाळा किती लांब, वर्गात मुलं किती, परीक्षा कुठल्या बोर्डाची. भाऊ म्हणाला, "मला काहीही चालेल," तेही मी लिहून घेतलं. आईला चर्च जवळ हवं होतं आणि बोंबील. बाबांनी विचारलं, तिथं विहिरीचं पाणी गोडं आहे की मचूळ? मी म्हटलं, बाबा, शाळेची निवड चालली आहे. ते म्हणाले, "पोरगी पाणी पिणार की नाही?"

एका सकाळी पाहते तर रकान्यांखाली पेन्सिलीनं तिसऱ्याच कोणाचे मुद्दे होते. माकडं आहेत का. टाय लावतात का. घोडा चावतो का. मराठीची परीक्षा आहे का, आणि यापुढं दोन्ही रकान्यांत "नाही" लिहून दोन्हींना दहापैकी दहा दिले होते.

बेरीज केली तर दोन्ही शहरं सारखी निघाली. आईनं सगळ्या मुद्द्यांवर दोघांना दहा-दहा दिले होते. "न पाहिलेल्या गावाला कमी गुण कसे द्यायचे?" ती म्हणाली. "तिथल्या लोकांना वाईट वाटेल."

तेव्हा मी ठरवलं की ज्यांनी पाहिलंय त्यांनाच विचारायचं.

पहिले अर्नाळ्याचे एक गृहस्थ, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी उमेदीची वर्षं बोटीवर खानसामा म्हणून काढली होती आणि जगातली सगळी बंदरं त्यांना पाठ आहेत असा त्यांचा लौकिक होता. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात मासळी सुकत घातलेल्या दोऱ्यांखाली खाट टाकून पडले होते.

"नैरोबी?" ते उठून बसले. "चार वेळा गेलोय. बंदर एक नंबर. धक्का असा लांब, पानी निळंशार. उतरलं की समोरच बाजार."

मी बाबांकडे पाहिलं. "आणि कंपाला?"

"कंपालाचं बंदर जरा उथळ. मोठी बोट आत येत नाय. आम्ही लांब नांगर टाकायचो."

नैरोबीपासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कंपालापासून त्याच्याही दुप्पट लांब. मी ते शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"बाय, तू पुस्तकात वाचलंस. मी तिथं भात शिजवलाय."

परत येताना बाबा म्हणाले, "त्या वेळी समुद्र जवळ असेल."

दुसरी साक्ष जास्त भरवशाची होती. शेजारच्या आळीतल्या एक सिस्टर तीस वर्षं युगांडात मिशनच्या दवाखान्यात होत्या आणि सुट्टीवर घरी आल्या होत्या. वहिनी वही घेऊन आली. सिस्टरना आम्ही कॉफी दिली, वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी दिली, आणि विचारलं, कंपाला कसं आहे?

"कंपाला छान आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी दोनदा गेले. एकदा खालची दाढ काढली, एकदा वरची. डॉक्टरचा हात फार हलका."

"आणि गाव?"

"गावाचं काय सांगू, तोंडात कापूस होता."

"आणि नैरोबी?"

"तिथं विमान बदललं होतं. विमानतळावरचं बाथरूम स्वच्छ आहे."

वहिनीनं वहीत लिहिलं: कंपाला, दाताचे डॉक्टर, उत्तम. नैरोबी, बाथरूम, स्वच्छ. आणि वही मिटून माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून कपबश्या गोळा करायला लागले.

आता राहिल्या मुलाखती. दोन्ही शाळांना प्रवेश देण्याआधी मुलीशी आणि आईवडिलांशी फोनवर बोलायचं होतं. कंपालाच्या मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली होती, त्यांच्या घड्याळाप्रमाणे. आपल्याकडे किती वाजता, हे अर्थातच मला विचारलं गेलं.

अडीच तासांचा फरक. मी फळ्यावर हे उदाहरण शेकडो वेळा सोडवलं आहे. पश्चिमेकडे गेलं की वेळ मागं, म्हणून वजा करायचे. मी वजा केले आणि जाहीर केलं: सकाळी साडेसात.

शनिवारी सात वाजता घर तयार होतं. भावानं टाय लावला होता. वहिनी लग्नातल्या साडीत. पुतणीला आईनं सणासाठी शिवलेला पांढरा झालरीचा फ्रॉक घातला आणि केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या, जणू फोनमधून दिसणार होतं. मी तिच्याकडून महिनाभर उत्तरं पाठ करून घेतली होती: माझे छंद वाचन, चित्रकला आणि निसर्गनिरीक्षण. मोठेपणी मी डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करीन. बाबांना वाडीत पिटाळलं होतं, कारण त्यांना मोठ्यानं बोलायची सवय.

साडेसात वाजले. आठ वाजले. नऊ वाजता आईनं फोन उचलून पाहिला, चालू होता. साडेदहाला वहिनी म्हणाली, "शब्द देऊन फोन न करणारी शाळा! नैरोबीच बरी." नात्यात एक बारसं होतं, ती आणि भाऊ आईला घेऊन तिकडं निघून गेले. पुतणीनं फ्रॉक काढून फेकला आणि ती आजोबांकडे वाडीत पळाली.

साडेबाराला मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते. फोनची घंटा वाजली. मी हात पुसेपर्यंत थांबली. मग बाबांचा आवाज आला, वाडीच्या टोकापर्यंत जावा असा:

"हॅलो! येस! हू इज स्पीकिंग?"

तेव्हा मला कळलं. पृथ्वी उलटी फिरत नव्हती, मीच उलटं मोजलं होतं. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा वेळ पुढं, म्हणजे दहात अडीच मिळवायचे.

मी धावत आत आले. बाबा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, हातात रिसीव्हर. शेजारी पुतणी, अंगात जुना फ्रॉक, केसांत वाळलेलं केळीचं पान. मी हात पुढं केला. बाबांनी मला तळहातानं थांबवलं, जसं रस्त्यात पोलीस थांबवतो.

बाबांचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं सातवीपर्यंतचं, आणि ते त्यांनी साठ वर्षं जपून ठेवलं होतं. "आय अॅम ग्रँडफादर," ते म्हणाले. "आय हॅव बनाना."

पलीकडून बाई काहीतरी बोलल्या. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून पुतणीला विचारलं, "काय म्हणते बघ. तिकडं पण केळी म्हणते?"

पुतणीनं रिसीव्हर घेतला आणि मग माझ्या डोळ्यांदेखत जी मुलाखत झाली तिच्यात छंदाचा किंवा गरिबांच्या सेवेचा शब्द आला नाही. बाईंनी सांगितलं की कंपालात सगळे कच्ची केळी पानात गुंडाळून वाफवतात आणि भातासारखी रोज जेवतात. पुतणीनं ते आजोबांना आमच्या बोलीत सांगितलं. आजोबांनी विचारलं, कुठली केळी? बाई म्हणाल्या, हिरवी. आजोबा म्हणाले, हिरवी तर सगळीच असतात आधी. पुतणीनं हे इंग्रजीत सांगितलं आणि पलीकडे बाई इतक्या हसल्या की मला हातभर अंतरावरून ऐकू आलं.

"विचार तिला," बाबा म्हणाले, "एका बुंध्याशी फुटव्याची पिलं किती ठेवतात?"

पुतणीनं विचारलं. बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी थांबायला सांगितलं. आम्ही थांबलो. दूर कुठंतरी दार वाजलं, पावलं वाजली, आणि फोनवर शाळेचा माळी आला.

त्यानंतर पंधरा मिनिटं बाबा आणि तो माळी बोलत होते. माळी त्याच्या भाषेत बोले, बाई त्याचं इंग्रजी करत, पुतणी त्या इंग्रजीचं आमच्या बोलीत करी, आणि बाबा मान डोलवत. मग हेच उलट. तीन पिलं, माळी म्हणाला. एक मोठं, एक मधलं, एक लहान. "बरोबर आहे!" बाबा माझ्याकडे बघून ओरडले. "माणूस शहाणा आहे!" माळ्याच्या केळींना बुंध्यात किडा लागत होता. बाबांनी उपाय सांगितला. 'भोकं पाडणारा किडा' याला पुतणीला इंग्रजी सापडेना, तर तिनं फोनवर त्या किड्याचा आवाज काढला. मग माळ्यानं तोच आवाज काढून दाखवला, अगदी तसाच.

बाबांनी "गॉड ब्लेस युवर गार्डन" म्हणून फोन ठेवला आणि मगच त्यांना माझी आठवण झाली. "तुला काही बोलायचं होतं का?"

बारशाहून परत आल्यावर वहिनीनं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "संपलं. त्यांना वाटेल आम्ही माळ्याच्या जागेसाठी अर्ज केलाय."

नैरोबीची मुलाखत पुढच्या मंगळवारी झाली. या वेळी गणित पुतणीनं केलं. बाबांना आईबरोबर बाजारात पाठवलं. फोन ठरलेल्या मिनिटाला आला, भाऊ बोलला, वहिनी बोलली, पुतणी झालरीच्या फ्रॉकमध्ये उभी राहून एकेक उत्तर म्हणत गेली: वाचन, चित्रकला, निसर्गनिरीक्षण, डॉक्टर. एकही शब्द चुकला नाही. मी मागून ओठ हलवत होते. सात मिनिटांत आटोपलं.

दोन्ही शाळांची पत्रं एका आठवड्यात आली. दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. भाऊ म्हणाला त्याला कुठंही चालेल. आम्ही सगळे वहिनीकडे बघत राहिलो, कारण ती त्या शनिवारपासून नैरोबीच्या बाजूची होती. तिनं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली, परत आणली.

"नैरोबीवाल्यांनी हिला असा एकही प्रश्न विचारला नाही ज्याचं उत्तर आधी पाठ नव्हतं," ती म्हणाली. "आणि तिकडची बाई शाळा सोडून माळ्याला शोधायला गेली." नैरोबीच्या पत्राची घडी घालत म्हणाली, "कंपाला लिहा."

पुतणी ओट्यावरून उडी मारून वाडीत पळाली. तिचं मत तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं, पण बहुधा हेच असावं.

ते जूनअखेरीला गेले. विमानतळावर आईनं नातीच्या बॅगेत सुकेळीचं आणखी एक पुडकं कोंबलं आणि बाबा, जे कधी कोणाला मिठी मारत नसत, त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मागची रांग खोळंबली होती. घर इतकं मोठं आहे हे मला त्या आठवड्यात समजलं.

पाच वर्षं राहिले तिकडे. दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले, पहिल्यांदा विमानात बसून, आणि या वेळी खिडकी मला मिळाली. त्यांची शाळा चालू होती. मुख्याध्यापिकाबाई माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या निघाल्या. त्यांनी मला गळामिठी घातली आणि पुतणीच्या वर्गासमोर उभं केलं, मुलांना तुमच्या गावाविषयी सांगा म्हणून. अठरा मुलं, म्हणे अकरा देशांची. फळा पांढरा आणि खडू नाही. पहिलं इंग्रजी वाक्य मी मनात तीनदा जुळवलं. पुतणी पहिल्या रांगेत होती आणि माझ्याकडे न बघायचा प्रयत्न करत होती. तिला माझी लाज वाटत होती की काळजी, ते कळेना.

मी सुरुवात केली. गावाचं नाव सांगितलं, केळी सांगितली, किल्ला सांगितला. मधल्या बाकावरच्या लाल केसांच्या एका मुलीनं हात वर केला. मला हायसं वाटलं, पहिला प्रश्न आला.

"मिस, मे आय गो टु द टॉयलेट?"

"जा, आणि लगेच ये," मी म्हणाले, चक्क मराठीत, वर्गात रोज म्हणते तशी.

ती गेली आणि लगेच आली. मी पुढं सांगायला लागले.